हिमकेतूचं क्षेपक

माझा नातू मोबाइलवर त्या हातोडीवाल्या देवाचे सिनेमे बघतो आणि मधूनमधून माझ्यावर कृपा करून मला समजावून सांगतो. "आजी, ये जो है ना, ह्याचा बाप एका डोळ्याचा आहे. आणि ह्याचा हातोडा दुसऱ्या कुणाला उठतच नाही." मी म्हणते, हो का? तर म्हणतो, "तुला नाही कळणार. नॉर्वे-स्वीडनकडची जुनी मायथॉलॉजी आहे ती." आता ह्या शहाण्याला काय सांगू? तो जन्मायच्या चाळीसएक वर्षं आधी त्याच्या आजीनं ही मायथॉलॉजी राजा घाटाच्या ओवरीत पाटावर बसून, समोर उदबत्ती लावून, पन्नाससाठ बायकांना पोथी म्हणून वाचून दाखवली होती. हे मी घरात कुणाला धड सांगितलेलं नाही. सत्तरी जवळ आली, आता लिहून टाकते.

आमचं बिऱ्हाड काशीत, दूधविनायकाच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. खाली दूधवाल्याची कढई, त्यामुळे जिन्यात सदा आटलेल्या दुधाचा वास. पहाटे पहिला आवाज अप्पांचा, माझ्या वडलांचा. ते त्या दिवशीचा अध्याय स्वतःशी म्हणून बघत असायचे, त्यावर आईच्या रगड्याची घरघर, आणि समोरच्या खिडकीतून हिंदी बातम्या. घरात मराठी, जिन्यात निम्मी निम्मी, गल्लीत पाय टाकला की हिंदी. आईसुद्धा मला "तरकारी चिरून ठेव" म्हणायची आणि पुण्याहून कुणी पाहुणे आले की तेवढ्यापुरतं "भाजी" म्हणायची, त्याचं मला भारी हसू यायचं. सणाला पुरणपोळी, पण आजारी माणसाला कढी आणि खिचडी, ती बनारसची. मी एकटी मुलगी. माझ्या पाठीवर दोन झाले आणि गेले, त्याविषयी घरात कुणी बोलत नसे.

अप्पा पुराणिक. आडनावानं नव्हे, कामानं. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत रोज दुपारी तीन ते साडेचार राजा घाटावरच्या ओवरीत पुराण सांगायचं, हे त्यांच्या वडलांपासून चालत आलेलं. ऐकायला बहुतेक आपल्याच मराठी बायका, काशीवासाला येऊन राहिलेल्या, वाती वळत बसणाऱ्या. पोथी म्हणजे शिवलेलं पुस्तक नव्हे. लांबट सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या आणि लाल रुमालात बांधलेली. एकेक पान वाचायचं, पालथं करून डाव्या हाताला ठेवायचं. ओवी वाचायची, मग तिचा अर्थ सांगायचा. अप्पांचे नियम दोन. चार महिन्यांत एक दिवससुद्धा खंड पडता कामा नये, आणि पोथीत नाही ते पीठावरून बोलायचं नाही. दुसरे पुराणिक रंगात आले की घरचं तिखटमीठ लावायचे. अप्पा कधीच नाही. त्यामुळे खरं सांगायचं तर त्यांचं पुराण जरा कंटाळवाणंच होतं. बायका डुलक्या काढायच्या. मूळ पुराणात नसलेली, मागाहून कुणीतरी घुसडून दिलेली कथा आली की ते अगदी तोंड वाकडं करून "हे क्षेपक आहे" असं सांगून मोकळे व्हायचे.

माझं पुराण वेगळं होतं. चौकाजवळच्या एका गल्लीत रामजतन नावाचा माणूस छत्र्या दुरुस्त करायचा आणि दुकानाला आडवी दोरी बांधून तिच्यावर कॉमिक्स टांगून ठेवायचा, भाड्यानं द्यायला. पोरं तिथंच पायरीवर बसून वाचायची. मुलींना तसं बसायची सोय नव्हती, म्हणून मी दप्तरात घालून घरी आणायची. त्यांत एक मालिका होती हिमकेतूची. हा हिमकेतू कुठल्याशा बर्फाळ गावात दिवसा पोस्टमन. आभाळात वीज कडाडली की त्याच्या हातात हातोडा यायचा, डोक्यावर पंख लावलेलं शिरस्त्राण, आणि तो राक्षसांची हाडं मऊ करायला निघायचा. मूळचे हे देव तिकडच्या थंड मुलखातले, हे आता मला कळतं. हिंदी करणाऱ्या गृहस्थानं मात्र सगळ्यांना आपल्याकडची नावं देऊन टाकली होती. हिमकेतूचा बाप, देवांचा राजा, तो एकाक्ष महाराज. धाकटा गोरापान भाऊ उज्ज्वलकुमार. सगळ्या भानगडी करणारा कपटसेन. त्यामुळे मला ते परके कधी वाटलेच नाहीत. चौदा वर्षांची घोडी झाले तरी मी त्या हिमकेतूवर जीव टाकून होते.

त्या वर्षी गणपती गेले आणि अप्पांच्या डोळ्याचं निघालं. मोतीबिंदू पिकून फुटायच्या बेताला आला होता, डॉक्टर थांबायला तयार होईनात. तेव्हा आतासारखं सकाळी जाऊन दुपारी घरी जेवायला, असं नव्हतं. ऑपरेशन झालं की पंधरा-वीस दिवस पट्टी बांधून उताणं पडून राहायचं, मान हलवायची नाही, खोकायचं नाही. अप्पांना डोळ्याची काळजी नव्हती, खंडाची होती. शेवटी त्यांनीच ठरवलं की कुंदा वाचेल. नुसतं वाचेल, अर्थ सांगायचा नाही. लहानपणापासून ऐकून ऐकून मला चाल येत होतीच. पण पोरीनं पाटावर बसून पोथी वाचायची म्हटल्यावर ओवरीत कुजबुज सुरू झाली. ती मोडून काढली दुर्गाकाकूंनी.

दुर्गाकाकू आमच्याच घरात तळमजल्याच्या खोलीत राहायच्या. नवरा लवकर गेलेला. मेतकूट, सांडगे, कुरडया करून त्या गल्लीभर पोचवायच्या, आणि तोंडानं अशा फटकळ की दूधवालाही त्यांना वचकून असायचा. त्या ओवरीत उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, आवाज खणखणीत आहे पोरीचा. निदान झोप तरी येणार नाही." मग माझ्याकडे वळून, "भवाने, चुकलीस तर बघ. कान उपटीन." झालं, मी वाचायला लागले.

आता माझी चूक सांगते. आमच्या घरात एका खोलीत सगळा संसार, लपवायला जागा अशी नाहीच. आई दप्तर झाडायची, गादी उलटायची. एकच वस्तू अशी होती जिला अप्पांशिवाय कुणी हात लावत नसे, ती म्हणजे पोथीचा रुमाल. आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून मगच तो सोडायचा. आता तो माझ्या ताब्यात आला होता. मी काय केलं, रामजतनकडून आणलेला हिमकेतूचा नवा अंक मधोमध दुमडून दोन फळ्यांच्या मध्ये ठेवून दिला. बांधताना गाठ बसेना, म्हणून वरची काही पानं काढून देवाच्या पेटीखाली सरकवली. म्हटलं, दुपारी परत घालू. आणि दुपारी विसरले. गंगा चढलेली, घाटाघाटानं जायची वाट बंद, गल्ल्यांतून वळसा घ्यायचा म्हणून घाईघाईनं निघाले. ओवरीत पाटावर बसले, उदबत्ती लावली, रुमाल सोडला, तर आत पुढचे अध्याय आहेत, आजचा नाही. आणि वर हिमकेतू दात ओठ खात हातोडा उगारून उभा.

पन्नाससाठ बायका हात जोडून बसलेल्या. घरी जाऊन यायला पाऊण तास. आणि खंड पडू द्यायचा नाही! मी मासिक फळीआड उभं धरलं, डोळे मिटून नमस्कार केला, आणि वाचायला सुरुवात केली. हिंदीचं मराठी करत, अप्पांच्या चालीवर. एकाक्ष महाराजांनी ज्ञानाच्या विहिरीवर जाऊन पाणी मागितलं, विहिरीचा राखणदार म्हणाला फुकट मिळत नाही, तेव्हा महाराजांनी स्वतःचा डोळा काढून विहिरीत टाकला आणि मग पाणी प्याले. वातींवरचे हात थांबले. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. पुढच्या रांगेतून प्रश्न आला, "कुंदे, हे कुठल्या पुराणातलं गं? कधी ऐकलं नाही." मी आवाज न चाचरता म्हणाले, "क्षेपक आहे."

एका दिवसावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मी अध्याय संपवला तर बायका उठेचनात. "ते क्षेपक?" म्हणून विचारायला लागल्या. मला काय, आधीचे सगळे अंक तोंडपाठ. मी हातोडा चोरीला गेल्याची कथा सांगितली. राक्षस म्हणतो, हातोडा परत हवा तर देवांची मुलगी मला द्या. म्हणून हिमकेतूलाच नवरी करून पाठवतात. मी त्याला नऊवारी नेसवली, मुंडावळ्या बांधल्या, नथ घातली. मांडवात नवरी आठ मासे आणि अख्खा बैल खाते असं मूळ होतं, ते मी परातभर जिलब्या आणि हंडाभर रबडी असं केलं. बायका डोळ्याला पदर लावून हसल्या. काकू तर मांडीवर थापा मारत म्हणाल्या, "आणि तो मेला नवरा बघतोय का नुसता! एवढं खाणारी सून कुठल्या सासूला परवडणार?" चौथ्या दिवशी ओवरी पुरेना. मराठी न कळणारी फुलवालीसुद्धा खांबाला टेकून उभी राहायला लागली. मला इतका आनंद आयुष्यात फार थोड्या वेळा झाला आहे. पुढं मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण तशी ओवरी मला पुन्हा मिळाली नाही.

पाचव्या दिवशी त्या नव्या अंकातली उज्ज्वलकुमारची कथा घेतली. त्याला वाईट स्वप्नं पडतात म्हणून त्याची आई, महाराणी, साऱ्या चराचराकडून शपथ घेते की माझ्या लेकराला इजा करणार नाही. अग्नी शपथ घेतो, पाणी घेतं, दगड, लोखंड, साप, रोगराई, सगळे घेतात. एक कोवळं रोप तेवढं राहतं. हे एवढंसं, हे काय करणार, म्हणून ती पुढं जाते. आणि कपटसेन नेमक्या त्याच रोपाचा बाण करतो. पोरगा जातो. तेव्हा पाताळाची राणी म्हणते, जगातली प्रत्येक वस्तू त्याच्यासाठी रडली तर मी त्याला परत पाठवीन. महाराणी दूत पाठवते, दगडांना पाझर फुटतो, झाडं रडायला लागतात... आणि तिथं अंक संपला. खाली लिहिलेलं, अगले अंक में. मी पान पालथं केलं.

मान वर केली तर दुर्गाकाकूंचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकूंचा मधू. एकुलता एक. पंधरा वर्षांपूर्वी, अशाच भादव्यात, मित्रांशी पैज लावून भरल्या गंगेत पलीकडे पोहत जायला निघाला तो मिळालाच नाही. प्रेतही हाती लागलं नाही. काकूंनी कधी मानलं नाही तो गेला म्हणून. कुठंतरी काठाला लागला असेल, डोक्याला मार बसून सारं विसरला असेल, असं त्यांचं चाले. प्रेत मिळालं नाही तर बारा वर्षं वाट बघून पळसाच्या पानांचा माणूस करतात, नारळाचं डोकं, आणि त्याला अग्नी देतात, तशी रीत आहे. बारा वर्षं झाल्यावर अप्पांनी एकदा हळूच विषय काढला, तर काकू चार महिने त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी ओवरीत त्या एवढंच म्हणाल्या, "आला का गं तो परत?"

"उद्या," मी म्हणाले.

"मग ऐकल्याशिवाय मी अन्न घेणार नाही," त्या म्हणाल्या आणि उठल्या. अर्ध्यावर राहिलेली कथा पुरी ऐकेपर्यंत अन्न सोडायचं, असा नेम त्या काळी बायका करत. पण तो खऱ्या पोथीसाठी. मी घरी न जाता धावत रामजतनकडे गेले. तो छत्रीच्या काड्या सरळ करत होता. "अबहीं नाहीं आयल हौ, बहिनी. पानी उतरी त आई." पुरामुळे माल अडकलेला, पाणी उतरल्यावर येणार होता. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. ओवरीत मी नुसता अध्याय वाचायची आणि बायकांनी विचारलं की "अप्पांकडून पानं मिळायचीत" म्हणून वेळ मारून न्यायची. काकू एक पेलाभर दूध आणि शिंगाड्याच्या पिठाची एक पुरी, एवढ्यावर. चौथ्या दिवशी दूधच. नळावर पाणी भरताना त्यांना घेरी आली, आईनं धरलं म्हणून बरं. आई मला म्हणाली, "काय वेड घेतलंय गं काकूंनी? कसली कथा आहे ही?" मी मनातून काहीतरी शेवट रचून सांगितला असता तर कुणाला कळणार होतं? पण कथा खोटी असली तरी विचारणारी खरी होती, आणि तिच्यापुढं मला ते करवेना.

पाचव्या दिवशी सकाळी अंक आला. मी रामजतनच्या दुकानासमोर उभ्यानंच वाचला. उज्ज्वलकुमार परत येत नाही. मी अंक मिटला आणि तिथल्या तिथं ठरवलं की मी त्याला परत आणणार. पाताळाचं दार उघडतं, तो येतो, आईच्या गळ्यात पडतो. कुठल्याही शहाण्या मुलीनं तेच केलं असतं.

घरी आले तर अप्पांच्या खाटेशी दुर्गाकाकू बसलेल्या. भिंतीला धरत धरत तीन जिने चढून आल्या होत्या. "अप्पा," त्या म्हणत होत्या, "ती क्षेपकाची पानं द्या हो पोरीला. माझ्यानं आता होत नाही."

अप्पा उताणे, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. तोंड तेवढं दिसत होतं, आणि त्यावर काहीच दिसत नव्हतं. ते म्हणाले, "देतो. उद्या." काकू गेल्या. मग अप्पांनी आईला म्हटलं, तू जरा खाली जा. आणि मला म्हणाले, "कुंदे, दार लाव. काय वाचलंस?"

मी सगळं सांगितलं. रुमाल, पानं, रामजतन, हिमकेतू. मला वाटलं, आता उठून मारतात की काय. त्यांनी मला आयुष्यात बोट लावलं नव्हतं, तरी वाटलं. ते म्हणाले, "वाच. पहिल्यापासून." मी खाटेपाशी जमिनीवर बसून तासभर वाचत होते. ते मधेच शास्त्रार्थाला बसल्यासारखे विचारायचे. विहिरीचा राखणदार कोण? हातोडा कुणी घडवला? शपथ घेताना महाराणीनं आकाशाला विचारलं का? नवरीच्या कथेला त्यांच्या पोटाचे स्नायू हलले, हसायची मनाई होती म्हणून त्यांनी ओठ दाबून धरले. शेवटी म्हणाले, "कथा वाईट नाही. आता शेवट."

"शेवट मी बदलणार आहे, अप्पा. परत येतो असंच सांगते."

तेव्हा ते चिडले. एवढा वेळ चिडले नव्हते ते तेव्हा चिडले. "एका बाईनं त्यावर अन्न सोडलंय. तू पीठावर बसून वाचलंस, तिनं पोथी म्हणून ऐकलं. आता ती पोथी झाली, तुला आवडो न आवडो. त्यात काय लिहिलंय?"

"नाही येत परत."

"मग तेच वाचायचं. आणि त्याआधी हे कुठून आणलंस ते सांगायचं. सगळ्यांसमोर."

"त्यांना किती लागेल, अप्पा!" मी रडायलाच लागले.

"लागेल," अप्पा म्हणाले. "पंधरा वर्षं सगळे तिला बरं वाटेल तेच सांगत आलेत. मीसुद्धा. एकदा तोंड उघडलं आणि ती बोलेनाशी झाल्यावर मीही गप्प बसलो."

दुसऱ्या दिवशी आई दारात आडवी उभी राहिली. डॉक्टरांनी आणखी दहा दिवस हलायचं नाही सांगितलं होतं. अप्पांनी चांगल्या डोळ्यावरची पट्टी काढायला लावली, दुसऱ्यावरची राहू दिली, धोतर नेसले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गल्ल्यागल्ल्यांतून निघाले. दर दहा पावलांवर एखादा सांड आडवा. "हटाऽऽव" म्हणून मी ओरडत होते. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं पुढं त्यांना धुरकटच दिसायचं. डॉक्टर म्हणाले त्या चालण्यानं काही झालं नाही. आई मरेपर्यंत म्हणायची, त्यानंच झालं.

ओवरी गच्च. अप्पा पाटावर बसले नाहीत, माझ्या शेजारी चटईवर बसले. मी मासिक उघड्यावर ठेवलं, हिमकेतूचं चित्र वर करून, आणि सांगून टाकलं. हे पुराण नाही, परदेशातल्या देवांच्या चित्रकथा आहेत, छत्रीवाल्याकडून भाड्यानं आणलेल्या, मी खोटं बोलले. मग मागून आवाज आला, "शिव शिव शिव! व्यासांच्या आसनावर?" दहाबारा बायका उठल्या, पदर झटकले, चपला शोधायला लागल्या. अप्पांनी मान खाली घातलेली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं.

दुर्गाकाकू खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ज्यांना जायचंय त्यांनी जा. गलका करू नका." आणि मला, "वाच गं."

"काकू, ती पोथी नाही..."

"बहिरी नाही मी. वाच."

मी वाचलं. लिहिलं होतं तसं. डोंगर रडले, लोखंडाला घाम सुटावा तसं पाणी सुटलं, लांडगे रडले. दूत परत यायला निघाले तेव्हा वाटेत एका गुहेत एक म्हातारी बसलेली दिसली. तिला म्हणाले, सगळं जग रडलं, आता तू रड. ती म्हणाली, मी रडणार नाही. माझे डोळे कोरडेच राहतील. आणि तिच्या एकीपायी पाताळाचं दार उघडलं नाही. उज्ज्वलकुमारला नावेत निजवून, नावेला अग्नी देऊन, त्यांनी ती पाण्यावर सोडून दिली. मी एक शब्द गाळला नाही. संपलं.

काकू म्हणाल्या, "ती म्हातारी का रडली नाही? काही लिहिलंय?"

"लिहिलंय ना, काकू. ती म्हातारी नव्हतीच. कपटसेन होता, सोंग घेऊन बसलेला."

"छट्!" काकू म्हणाल्या, त्यांच्या त्या नेहमीच्या फटकळ आवाजात. "लिहिणाऱ्याला काय कळतंय. कपटसेन नाही न् कुणी नाही. आई होती ती त्याची. रडलं म्हणजे तो मेला असं होतं, म्हणून नाही रडली." आणि एवढं बोलून त्यांचा चेहरा वाकडा झाला, आणि ती बाई अशी रडली की घाटावरचे नाव बांधणारे मल्लाह वर बघायला लागले. पंधरा वर्षांत मधूसाठी तिनं टिपूस गाळलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चपला शोधणाऱ्या बायका परत आल्या. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवरून हात फिरवत बसलं. मीही रडत होते. अप्पांनी एका हातानं पट्टी दाबून धरली होती आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट, ते दुखेपर्यंत.

त्या संध्याकाळी आईनं मऊ भात आणि मुगाचं वरण खाली नेलं, काकू जेवल्या. ओवरीच्या व्यवस्थापकांच्या कानावर सारं गेलंच. चातुर्मास पुरा करू दिला, पुढल्या वर्षीपासून पुराण दुसऱ्या कुणाकडं गेलं. अप्पा त्यानंतर वीस वर्षं जगले, पण त्या पाटावर बसले नाहीत. दुपारी तीन वाजले की अस्वस्थ होऊन खिडकीपाशी फेऱ्या मारायचे. मला ते त्याबद्दल एका शब्दानं बोलले नाहीत आणि मला ते अजून टोचतं. बोलले असते तर बरं झालं असतं.

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी काकू वर आल्या आणि अप्पांना म्हणाल्या, "पळस मागवा." विधी अप्पांनीच केला, पोथीशिवाय, पाठ होतं तसं. मी पानं पुढं करत होते. गंगा जरा उतरली होती, पायऱ्यांवर गाळ साचलेला. पानांचा माणूस तयार झाला तेव्हा अप्पांनी रीतीप्रमाणे विचारलं. गोत्र? काकूंनी सांगितलं. नाव? सांगितलं. मुंज झालेली, लग्न नाही. मग अप्पांनी विचारलं, "वय?"

काकू दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला खीर करायच्या आणि गल्लीत सांगत फिरायच्या, मधू आता तिशीचा झाला, मधू बत्तीसचा झाला, आता त्याचं लग्न व्हायला हवं. त्या श्रावणात चौतीस पुरी झाल्याची खीर आम्ही सगळ्यांनी खाल्ली होती.

काकूंनी त्या पानांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एकोणीस."